तिनाचे घात, दोनाचे घात

तिनाला तिनानं कितीही वेळा गुणा, उत्तर विषमच येणार. दोनाला दोनानं कितीही वेळा गुणा, उत्तर समच राहणार. म्हणजे तिनाचा कुठलाही घात दोनाच्या कुठल्याही घाताला कधीच गाठणार नाही. सहावीतल्या मुलाला पाच मिनिटांत पटणारी ही गोष्ट. एवढ्यावरून मी पुढं ईश्वराबद्दल बोलणार आहे. त्याला कारण विज्ञान प्रदर्शनाच्या तयारीत आठवीतल्या एका मुलीनं मला विचारलेला प्रश्न.

मी मिरजेत राहते. विज्ञान शिकवण्यात नोकरी संपली, तरी प्रदर्शनाचे दिवस आले की शाळेतली पोरं घरी येतात. त्यांना ज्वालामुखी करायचा असतो, पवनचक्की करायची असते, हल्ली कचरा उचलणारा रोबो करायचा असतो. मी म्हणते, अरे, आपल्या गावात तंबोरे होतात. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे इथं येतात, गल्लीत वाळत पडतात, त्यांना तारा चढतात आणि ते देशभर जातात. तुम्ही सुरांवर काहीतरी करा. बहुतेक मुलं मान डोलावतात आणि रोबोच करतात. ही मुलगी राहिली. तिचे वडील गल्लीतल्या भजनात पखवाज धरतात आणि त्याच भजनात मी पेटीवर बसते, हेही कारण असेल.

साहित्य साधं होतं. एक लांब फळी, दोन खुंट्या, सतारीची पोलादी तार, शिंप्याची टेप, आणि सरकवता येतील अशा लाकडाच्या दोन घोड्या. तारेची मोकळी लांबी छत्तीस इंच ठेवायची. हा आकडा माझा नाही. सतराव्या शतकातल्या अहोबल पंडितानं ‘संगीत पारिजात’मध्ये तारेच्या लांबीवरून सुरांच्या जागा सांगितल्या आहेत, आणि भातखंड्यांनी त्या समजावताना छत्तीस इंचांची तार धरली, म्हणजे भागाकार सोपे जातात. मोकळी तार षड्ज. निम्म्यावर, अठरा इंचांवर, तार षड्ज. या दोहोंच्या बरोबर मध्ये, सत्तावीस इंचांवर, मध्यम. चोवीस इंचांवर पंचम. आणि षड्ज-पंचमाच्या मध्ये, तीस इंचांवर, गंधार. कोमल गंधार बरं का, अहोबलाचं शुद्ध सप्तक आपल्या काफीच्या अंगाचं आहे. मुलीनं घोडी चोवीस इंचांवर आणून तार छेडली आणि पंचम ऐकून ती हसली. टेपवरचा आकडा कानाला कळतो, याचं हसू होतं ते.

दुसरा प्रयोग वजनांचा. पायथागोरसाची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते: लोहाराच्या दुकानावरून जाताना त्याला घणांचे आवाज सुरात ऐकू आले, म्हणून त्यानं घण तोलले, मग तशीच वजनं तारांना टांगली, आणि वजनांच्या दोनास तीन प्रमाणातून पंचम निघाला. दुसऱ्या शतकातल्या निकोमाकसपासून ही गोष्ट ग्रंथांतून ग्रंथांत उतरवली गेली. खरं तर तारेला वजन टांगून पाहायला एक संध्याकाळ पुरे. तरी ती खोटी असल्याचं ठणकावून सांगायला सोळाव्या शतकाचा शेवट यावा लागला, आणि सांगणारा होता गॅलिलिओचा बाप, व्हिन्चेन्झो गॅलिली, पेशानं वादक. लांबीचं प्रमाण दोनास तीन, तर वजनाचं त्याच्या वर्गाइतकं, चारास नऊ. आम्ही वाण्याकडून वजनं आणली. एका तारेला दोन किलो, दुसऱ्या तशाच तारेला साडेचार किलो: स्वच्छ पंचम. मग दोन किलो आणि तीन किलो लावून पाहिलं, तर कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधलं कुठलंसं भूत बोललं. पायथागोरसाच्या नावावर एवढं मोठं तत्त्वज्ञान उभं राहिलं, विश्व म्हणजे आकड्यांचं संगीत वगैरे, आणि त्याच्या पायाशी न करून पाहिलेला प्रयोग होता, याचा मला अजूनही राग येतो.

तिसऱ्या प्रयोगाला मोबाईलवरचं टोन जनरेटर लागलं. षड्ज २४० धरायचा, जुने लेखक धरतात तसा. पेटीच्या हिशेबात तो काळी पाच आणि पांढरी सात यांच्या साधारण मध्ये येतो. त्याचा पंचम, म्हणजे दीडपट, ३६०. आता ३६० ला षड्ज मानून त्याचा पंचम काढायचा, ५४०. तो वरच्या सप्तकात गेला, म्हणून निम्मा करून खाली आणायचा, २७०, हा आपला रिषभ. त्याचा पंचम ४०५, हा धैवत. त्याचा पंचम खाली आणला की ३०३.७५, गंधार. असं करत गेलं की बाराही सूर एकेक करून भेटतात, आणि बारावा पंचम पुन्हा षड्जावर येऊन बसतो. बसायला हवा. येतो २४३.२७ वर. दोन मोबाईलांवर २४० आणि २४३.२७ एकदम वाजवले, तर आवाज सेकंदाला तीनहून थोडा अधिक वेळा फुगतो आणि ओसरतो. मुलगी म्हणाली, कुठंतरी गुणाकार चुकला. तिनं पुन्हा केला. मग मी तिला फळ्यावर बारा तिनांचा गुणाकार लिहायला लावला, ५,३१,४४१. एकोणीस दोनांचा, ५,२४,२८८. एक विषम, एक सम. पन्नास पंचम घेतले असते, पाच हजार घेतले असते, तरी वर्तुळ मिटलं नसतं.

ती बराच वेळ त्या आकड्यांकडं बघत बसली आणि म्हणाली, “बाई, मग देवानं असं का ठेवलं?”

असल्या प्रश्नाला विज्ञानाच्या बाई “तो आपला विषय नाही” म्हणतात. मला ते जमलं नाही. हाच प्रश्न थोड्या वेगळ्या पोशाखात फार मोठ्या माणसांना पडलेला आहे, हे मला माहीत होतं. मर्सेन नावाचा फ्रेंच पाद्री होता. तारांची कंपनं आणि सुरांची प्रमाणं यावर १६३६ साली त्यानं भला थोरला ग्रंथ काढला. याच मर्सेनला १६३० मध्ये देकार्तनं पत्र लिहिलं, आणि त्यात म्हटलं की गणिताची सत्यंसुद्धा ईश्वरानं ठरवलेली आहेत, राजा राज्यात कायदे ठरवतो तशी. म्हणजे ईश्वराच्या मनात आलं असतं तर तिनाचा घात दोनाच्या घाताला जाऊन मिळाला असता. लायब्निझला हे मुळीच मान्य नव्हतं. त्याच्या मते ही सत्यं ईश्वराच्या बुद्धीत आहेत, इच्छेत नाहीत; तो ती जाणतो, करत नाही. मुलीच्या प्रश्नाला देकार्तच्या बाजूनं उत्तर द्यायचं तर “त्याची मर्जी” असं द्यावं लागेल, आणि लायब्निझच्या बाजूनं “त्याचाही इलाज नाही” असं.

आपल्याकडच्या पंडितांना हा पेच इतका टोचला नसता असं मला वाटतं. नैयायिकांचा ईश्वर कुंभारासारखा निमित्तकारण आहे; परमाणू नित्य, त्यानं केलेले नाहीत. माती त्याची नाही, तेव्हा मातीच्या स्वभावाचा जाब त्याला विचारता येत नाही. मीमांसकांना तर सृष्टीकर्ता ईश्वर लागतच नाही. त्यांचा शब्द नित्य आहे, आणि आपण उच्चारतो तो ध्वनी त्याला फक्त प्रकट करतो. नैयायिक म्हणतात, शब्द हा आकाशाचा गुण, तो उपजतो आणि नाहीसा होतो. हा वाद वेदाच्या शब्दावरून झाला, पण चोवीस इंचांवर घोडी आणून तार छेडताना तो मला दर वेळी आठवतो. पंचम तिथं आधीपासून होता आणि आम्ही उघडा केला, की तार हलली म्हणून उपजला? दोनास तीन हे प्रमाण तार नसतानाही आहे, याबद्दल मी मीमांसकांकडं झुकते. पण प्रमाण म्हणजे सूर नव्हे. सुराला तार लागते, हवा लागते, कान लागतो, आणि तिथं मला नैयायिकांचंच पटतं.

कान म्हटल्यावर पेटीकडं यायला हवं. संध्याकाळी पंखा बंद करून तंबोरा लावला. घोडीवरचा दोरा केसाएवढा पुढं-मागं केला की एका जागी खर्जाची तार एकदम उमलते. याला जवारी लागली म्हणतात. त्या जागी कान दिला तर खर्जातून गंधार ऐकू येतो. कुणी वाजवलेला नाही, तरी स्पष्ट. रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणेवर निबंध लिहिला तो याच गोष्टीवर. तार जिथं छेडाल तिथं ज्या उपस्वराची, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट-तिप्पट सुराची, गाठ पडते तो उपस्वर ऐकू येऊ नये असा नियम, आणि आपल्या रुंद घोडीमुळं तो नियम मोडल्यासारखा होतो. खर्ज १२० असेल तर त्याचा पाचवा उपस्वर ६००, म्हणजे ३०० च्या शुद्ध गंधाराचा वरचा जोडीदार. आता तंबोरा वाजत असताना पेटीचा गंधार दाबायचा. पेटी समान बारा भागांत लावलेली, तिचा गंधार ३०२.४. त्याचा दुसरा उपस्वर ६०४.८. सेकंदाला जवळजवळ पाच वेळा आवाज थरथरतो. मुलीला मी काही सांगितलं नव्हतं. तिनं पेटीवरचं बोट उचललं, पुन्हा ठेवलं, आणि म्हणाली, “हा भांडतोय.” पंचम दाबला तर भांडण जवळजवळ नाही, पेटीचा पंचम खऱ्यापेक्षा अर्ध्या कंपनाहूनही कमी उतरा आहे.

माझ्या कीर्तनकार वडिलांना हे आकडे ठाऊक नव्हते. पण कीर्तनात पूर्वरंगाच्या अभंगावर लांब थांबायचं असलं की ते पेटीवाल्याला हलक्या आवाजात म्हणत, “गंधार मोकळा सोड रे.” पेटीवाला षड्ज-पंचमावर भाता चालू ठेवी आणि गंधार वडिलांच्या गळ्यावर सोपवून देई. पेटी त्यांना हवी होती, कारण ती गावोगाव नेता येते आणि पावसात बिघडत नाही. पेटी म्हणजे कलियुग, असंही ते म्हणत. दोन्ही एकाच दमात.

बारा पंचमांनी वर्तुळ मिटत नाही, तूट राहतेच, एवढं मानलं की पुढचा प्रश्न उरतो तो वाटणीचा. ती कुणी सोसायची? युरोपातल्या चर्चच्या ऑर्गनवाल्यांनी सोळाव्या-सतराव्या शतकांत गंधार शुद्ध ठेवायचं ठरवलं, पंचम थोडे थोडे उतरवले, आणि उरलेली सगळी तूट एका पंचमावर लोटली. तो पंचम इतका विव्हळायचा की त्याला लांडगा म्हणत, आणि वादक त्याच्या वाटेला जात नसत. चीनच्या मिंग घराण्यातला राजपुत्र झू झाईयू यानं १५८४ साली दोनाचं बारावं मूळ काढून तूट बारा जणांत सारखी वाटायचं गणित मांडलं. आजची पेटी आणि पियानो त्या गणितावर आहेत. कुणीच विव्हळत नाही, आणि षड्जाची जोडी सोडली तर कुणीच पुरता शुद्ध नाही. आपल्या गायनानं तिसरा मार्ग घेतला: षड्ज हलवायचाच नाही. बारा पंचमांच्या प्रवासालाच निघायचं नाही, म्हणजे २४३.२७ वर पोचायची वेळ येत नाही.

इथं आपल्याकडचे लोक खूश होतात. आपलं संगीत नैसर्गिक, त्यांचं कृत्रिम. आपल्या ऋषींना बावीस श्रुती माहीत होत्या, त्यांना बाराच. प्रदर्शनात परीक्षकांना असलं वाक्य आवडतं आणि मुलं ते पाठ करून येतात. मी या मुलीला ते लिहू दिलं नाही. षड्ज न हलवताही अडचण घरातच असते. मध्यम ३२०, त्याच्याशी शुद्ध गंधाराच्या नात्यानं जुळणारा धैवत ४००. रिषभ २७०, त्याच्याशी पंचमाच्या नात्यानं जुळणारा धैवत ४०५. दोन्ही शुद्ध, दोन्ही निसर्गाचे, आणि एका धैवताला दोन्ही होता येत नाही. भूप आणि देसकार यांचे सूर तेच पाच, तरी गवई देसकाराचा धैवत चढा आहे म्हणतात. म्हणजे कुठलं नातं पाळायचं हे राग ठरवतो, निसर्ग नाही.

भरतमुनींबद्दल मात्र मला खरा आदर आहे, आणि तो बावीस या आकड्यासाठी नाही. नाट्यशास्त्रात दोन वीणा घ्यायला सांगितल्या आहेत, अगदी सारख्या लावलेल्या. एक ध्रुव, ती हलवायची नाही. दुसरी चल. चल वीणेचा पंचम इतकाच उतरवायचा की तो मध्यमग्रामाचा पंचम होईल, मग बाकीचे सूर त्याच्या मागून तेवढेच उतरवून षड्जग्राम पुन्हा जुळवायचा. आणखी एकदा उतरवलं की चल वीणेचे गंधार-निषाद ध्रुव वीणेच्या रिषभ-धैवतांत जाऊन मिळतात; तिसऱ्यांदा रिषभ-धैवत षड्ज-पंचमांत; चौथ्यांदा षड्ज, मध्यम, पंचम आपापल्या खालच्या सुरांत. यातून चार-तीन-दोनचा हिशेब लागतो आणि बेरीज बावीस होते. आकडा नाही, मोजपट्टी नाही. तुलनेसाठी एक वीणा न हलवता ठेवायची आणि निकाल कानानं द्यायचा. प्रयोगाची रचना कशी करावी हे शिकवायला शाळेच्या पुस्तकात याहून चांगलं काही नाही.

पण पुढं आम्ही त्या बाविसांना जागा नेमून देण्याच्या मागं लागलो. याची एक कथा आमच्याच भागातली. कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांना गायला बसवून सुरांची कंपनं मोजली आणि १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक काढलं. क्लेमंट्स नावाचे जिल्हा न्यायाधीश त्यांना मिळाले, लंडनच्या मूर कंपनीकडून बावीस श्रुतींची पेटी करवून घेतली, आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली. भातखंड्यांना ती मुळीच पटली नाही. देवलांची मेहनत मला मोठी वाटते, तरी या वादात मी भातखंड्यांकडं आहे. १९६३ मध्ये नझीर जयराजभाय आणि स्टोन यांनी वादकांच्या गंधाराची मोजमापं घेतली, तेव्हा तो एका कलावंताकडून दुसऱ्याकडं जाताना सरकतो, इतकंच नव्हे तर एकाच वादनातही सरकतो, असं दिसलं. पेटीवर १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओनं बंदी घातली ती या शुद्धतेच्याच नावाखाली. सुमारे तीस वर्षं ती राहिली. तेवढ्या काळात देवळांतून, तमाशाच्या फडांतून, कीर्तनांतून पेटी वाजतच होती आणि गंधार जिथं सोडायचा तिथं सुटतच होता.

आता बालीकडं जाऊ. तिथं देवळाच्या उत्सवात गामेलान वाजतो. कांशाच्या पट्ट्यांची वाद्यं, जोडी-जोडीनं. जोडीतलं एक मुद्दाम थोडं उतरं लावतात, एक थोडं चढं. दोन्ही एकदम वाजली की आवाज सेकंदाला कित्येक वेळा लहरतो, आणि त्या लहरीला तिथं ओम्बाक म्हणतात. ती नसेल तर वाद्य मेलेलं. आमच्या तंबोरेवाल्यांनी जी थरथर घालवायला जन्म घालवला, ती बालीचे कारागीर जन्मभर कमावतात, आणि दोघंही देवासमोरच वाजवतात. प्रत्येक गावाचा गामेलान वेगळा लागतो. एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. पट्टीचे उपस्वरही तारेसारखे दुप्पट-तिप्पट येत नाहीत. मोकळ्या सपाट पट्टीचा दुसरा स्वर मूळ स्वराच्या पावणेतीनपट आसपास, तिसरा पाच पूर्णांक चार दशांशपट. तिथं दोनास तीनचं माहात्म्य आपोआपच ओसरतं. म्हणजे मुलीच्या फळ्यावरचे तीन आणि दोन हे तारेचे आणि गळ्याचे आहेत. कांस्याचं गणित निराळं.

हे ऐकून मुलीनं बापाचे टाळ आणले. भजनात शंभरदा ऐकलेले, पण कानाजवळ धरून कुणी ऐकत नाही. एक वाटी वाजवून सोडून दिली, मग दुसरी, मग दोन्ही एकमेकींवर अलगद टेकवून दूर केल्या. दोन्हींचा सूर अगदी एक नव्हता, आणि दोन्ही मिळून लहर स्पष्ट ऐकू आली. हळूहळू लांबत, पण मोजता येण्याजोगी. म्हणजे आमच्याच भजनात एका बाजूला स्थिर षड्ज धरलेली वीणा, दुसऱ्या बाजूला लहरणारे टाळ, मध्ये समान वाटणीची पेटी, आणि चाळीस माणसं आपापल्या गंधारानं गाणारी. (दिंडीतली वीणा पुष्कळदा सुरात नसते हेही सांगून टाकते. वीणेकऱ्याला त्याचं काही वाटत नाही, कारण ती खाली ठेवायची नाही एवढं त्याला पक्कं माहीत असतं.) तीन वेगळी गणितं एका मंडपात नांदतात, आणि एकादशीला कुणाला काही खटकत नाही.

नाद हे ब्रह्म, असं आम्ही सहज म्हणून जातो. ते म्हणणाऱ्यांत सगळ्यात हिशेबी माणूस शार्ङ्गदेव. तेराव्या शतकात देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, यादव राजा सिंघणाच्या पदरी तो हिशेबखात्याचा प्रमुख होता. आजोबा काश्मीरहून आलेले. त्याच्या ‘संगीत रत्नाकर’च्या पहिल्याच अध्यायात, सुरांची यादी यायच्या आधी, गर्भात देह कसा घडतो याचं लांबलचक वर्णन आहे. विद्यार्थिदशेत मी ते पान वगळून पुढं जात असे. आता वाटतं, तो मुद्द्याचंच बोलत होता: नाद देहात उठतो, तेव्हा आधी देह समजून घ्या. आणि अनाहत नादाबद्दल तो जे म्हणतो ते आमच्या प्रवचनकारांनी फारसं उचललेलं नाही. अनाहत नाद गुरूच्या वाटेनं गेलं तर मुक्ती देतो, हे त्याला मान्य आहे. पण त्यात रंग नाही, म्हणून तो माणसांचं मन रमवत नाही, असं सांगून तो आहताकडं वळतो आणि पुढचा सारा ग्रंथ आहतासाठी लिहितो. आघातानं, म्हणजे काहीतरी काहीतरीवर आदळून होणारा नाद. तार, पट्टी, टाळाची वाटी, गळा. रंजनही करणारा आणि भवबंधही तोडणारा.

मुलीला मी उत्तर दिलं ते याच्या आधारानं. म्हटलं, तीन आणि दोन कधी मिळत नाहीत, यात देवाची मर्जी दिसते की इलाज नसणं, हे मला ठरवता येत नाही. पण देकार्तच्या राजापेक्षा नैयायिकांचा कुंभार मला जास्त विश्वासाचा वाटतो. शुद्ध पंचम मिळतो. शुद्ध गंधार मिळतो. सगळ्यांशी सगळे एकदम शुद्ध, हे मात्र कुणालाच मिळत नाही. ऋषींना नाही, ऑर्गनवाल्यांना नाही, बालीच्या पुजाऱ्यांना तर ते हवंही नाही. कुठली शुद्धता राखायची आणि कुठली सोडायची, एवढं आपल्या हाती आहे, आणि भजनात ते आपण रोज करतो. ती म्हणाली, “म्हणजे देवानं आपल्यावर सोडलंय?” मी म्हटलं, तसंही म्हणता येईल. वडील असते तर त्यांनी हे मान्य केलं नसतं. शुद्ध सूर एकच, आणि माणसाला तो लागत नाही हा माणसाचा दोष, असं त्यांचं ठाम मत होतं. मला ते पटत नाही, पण त्यांचा गंधार आठवला की वाद घालायला जोर येत नाही.

प्रदर्शनाच्या तक्त्यावर रकाने ठरलेले असतात: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष, उपयोग. तिनं बाकीचे झटपट भरले. निष्कर्षात बारा तिनांचा गुणाकार आणि एकोणीस दोनांचा गुणाकार शेजारी शेजारी लिहिले आणि खाली ‘सम ≠ विषम’. उपयोगापाशी पेन अडलं. शेवटी तिनं लिहिलं: ‘पेटी वाजवणाऱ्याला गंधार कधी सोडायचा ते समजते.’ परीक्षकांनी टाळांच्या जोडीपाशी बराच वेळ घालवला, दोघांनी आळीपाळीनं कानाला लावून पाहिले, आणि पहिलं बक्षीस जत तालुक्यातल्या मुलांच्या ठिबक सिंचनाला दिलं. योग्यच झालं. त्यांच्या गावाला पाण्याचा टँकर येतो.